चारशेच्या अलीकडे

९ जानेवारी

ताई,

नमस्कार. पत्रास कारण की, कारण सापडलं. चार वर्षं सापडत नव्हतं.

तुझा पत्ता बाबांच्या शिलाईयंत्राच्या खणात होता, दोऱ्याच्या रिळांखाली. त्यांनी तो मला दिला नाही आणि मी घेतला तेव्हा त्यांनी पाहिलं नाही, असं आम्हा दोघांचं न बोलता ठरलं आहे. ते बरे आहेत. सुईत दोरा ओवायला मला बोलावतात आणि दोरा जाड आला आहे म्हणून दुकानदाराला शिव्या देतात.

मी आता मोटारसायकलींच्या कारखान्यात आहे. हंगामी. सहा महिने झाले, आणखी तीन महिन्यांनी कायम करतील किंवा काढतील. माझं काम असं : तयार इंजिन माझ्यापुढे येतं, त्याच्या पोटावर मी हातोडीने आणि अंकांच्या ठशांनी नंबर उठवतो आणि शेजारी ॲल्युमिनियमची बोटभर पट्टी ठोकतो. पट्टीवर इंजिनाचा आकार असतो, म्हणजे सीसी. सिलिंडर हा एक डबा समज. डब्याचा घेर किती आणि त्यात पिस्टन किती खोल खाली-वर जातो, यावरून जो आकडा निघतो तो. सगळे मला "पट्टी" म्हणतात. "ए पट्टी, चहा आला." माझी हरकत नाही. आमच्या फोरमनला सगळे "भोंगा" म्हणतात, पण पाठीमागे. माझं निदान तोंडावर म्हणतात.

आता कारण. पहिल्या आठवड्यात मला कळेना, की वरून एकसारखी दिसणारी गाडी, तीच टाकी, तोच दिवा, मग इंजिनं इतक्या मापांची का? मला वाटायचं, श्रीमंत देशाला मोठं आणि गरीब देशाला लहान, संपलं. तसं नाही. आमच्या परदेशी पाठवणीच्या खोलीत एक बाई आहेत. दिवसभर कुठलं जहाज कुठे पोचलं तेच बोलतात, म्हणून त्यांना जहाजबाई म्हणतात. त्यांनी मला भिंतीवरचा नकाशा दाखवून समजावलं. एका देशात एकशेपंचवीसच्या वरची गाडी अठरा वर्षांखालच्या मुलाला चालवता येत नाही. तिथे आपण एकशेचोवीस पाठवतो. दुसऱ्यात अडीचशेच्या वर गेलात की दर दोन वर्षांनी गाडी सरकारी तपासणीला न्यायची. तिथे दोनशे एकोणपन्नास. तिसऱ्यात साडेतीनशेच्या वर कर दुप्पट. तिथे तीनशे एकोणपन्नास. चौथ्यात चारशेच्या वर वेगळा परवाना, आणि त्याची परीक्षा अशी कठीण की दहातले आठ नापास होतात. एक देश नुसता डोंगरांचा, एका गाडीवर नवरा-बायको, दोन मुलं आणि धान्याचं पोतं. तिथे शंभरचंच इंजिन, पण खालचा गिअर बैलासारखा ओढणारा. आणि एका देशात रस्ता सरळ दोन दोन दिवस चालतो, तिथे लहान इंजिन पाहून लोक हसतात.

म्हणजे इंजिनाचं माप रस्ता ठरवतो, पेट्रोल ठरवतं, आणि सगळ्यात जास्त सरकारने ओढलेली रेष ठरवते. कंपन्या त्या रेषेच्या अलीकडे, अगदी पाय लागेल न लागेल अशा बेताने उभ्या राहतात. मी म्हटलं, "पोरगं बारा वर्षांचं झालं तरी अर्धं तिकीट काढणारे आईबाप असतात, तसं." जहाजबाई इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा टेबलावर पडला.

हे तुला सांगावंसं वाटलं. आकड्यांचं काही ऐकलं की मला अजून तूच आठवतेस.

उत्तर लिहायला पाहिजे असं नाही.

तुझा भाऊ

२१ जानेवारी

ताई,

नमस्कार.

उत्तर लिहायला पाहिजे असं नाही, असं मी लिहिलं होतं. ते खोटं होतं. बाबा रोज पोस्टमन गेल्यावर दोन मिनिटांनी सहज म्हणून दारात जातात. मी आधी जाऊन आलेला असतो.

इथे एक गोष्ट झाली आहे आणि मला ती कुणाला सांगता येत नाही.

चारशेची रेष असलेल्या देशासाठी आम्ही आजवर जे इंजिन पाठवत होतो, त्याच्या पट्टीवर ३९७ असायचं. या महिन्यात सहाशे इंजिनांचं नवं काम निघालं आणि माझ्याकडे पट्ट्या आल्या ३९९ च्या. मी विचारलं, दोनाने का वाढलं? फोरमन म्हणाले, नवा क्रँक आहे. क्रँक म्हणजे पिस्टनला खाली-वर नाचवणारा दांडा. सरळ रस्त्यांच्या देशासाठी यंदा एक नवी गाडी काढायची आहे, तिच्यासाठी जरा जास्त खोल जाणारा क्रँक केला. मग कुणीतरी म्हणालं, दोन देशांना दोन क्रँक कशाला सांभाळता, एकच दोघांना लावा, तरी चारशेच्या आतच राहतंय. साठा एक, खर्च कमी. शहाणपणाची गोष्ट आहे.

पण मी पट्टी ठोकण्याआधी आकडा पडताळतो. कुणी सांगितलेलं नाही, माझी खोड आहे. कामाच्या कागदावर मापं होती : सिलिंडरचं तोंड ८९ मिलिमीटर, पिस्टनची धाव ६४.३. जेवणाच्या सुट्टीत मी खोक्याच्या पुठ्ठ्यावर गणित मांडलं. एकोणनव्वद गुणिले एकोणनव्वद, सात हजार नऊशे एकवीस. त्याला चौसष्ट पूर्णांक तीनने गुणलं. मग तू शिकवलंस तसं बावीस सप्तमांश, चारने भागलं आणि शेवटी सीसी करायला हजाराने.

४००.१८.

पुन्हा केलं. ४००.१८. तिसऱ्यांदा उलटीकडून केलं. चौथ्यांदाही तेच आलं तेव्हा पुठ्ठा जेवणाच्या डब्याखाली सरकवला.

चारशेच्या वर एक थेंब गेला तरी त्या देशात ती गाडी वरच्या वर्गात जाते. ज्या माणसाला साध्या परवान्यावर ती हवी आहे, त्याला ती चालवता येणार नाही. सहाशे गाड्या बंदरात उभ्या राहतील आणि प्रत्येकीच्या पोटावर माझ्या हाताने ठोकलेली पट्टी असेल, ३९९.

आजपर्यंत अशा एकशे सत्तर ठोकल्या. आजही बावीस ठोकल्या. बोललो नाही.

तुझा भाऊ

२५ जानेवारी

ताई,

बोललो. मार खाल्ला नाही, बाकी सगळं खाल्लं.

चहाच्या वेळी नकाशाघरात गेलो. तिथे इंजिनांचे नकाशे काढणारे साहेब बसतात, कानावर कायम पेन्सिल. मी पुठ्ठा पुढे केला.

"साहेब, हे चारशेच्या वर जातंय."

त्यांनी पुठ्ठा उलटा धरला, सुलटा धरला. "बावीस सप्तमांश? अरे पट्टी, हे शाळेतल्या पोरांचं! ते खरं मूल्य नसतंच, आसपासचं असतं, आणि मुळात थोडं जास्त. म्हणून तुझं उत्तर फुगलंय. आम्ही तीन पॉइंट एक चार धरतो. तीनशे नव्व्याण्णव पॉइंट आठ येतं. खूश?"

"तेसुद्धा आसपासचंच असेल ना, साहेब?"

हे मी कसं बोललो मला माहीत नाही. तोंडातून निसटलं. शेजारच्या टेबलावरचे दोघं खो खो हसले आणि तिथेच घात झाला. साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे काचेत एक पिवळा पडलेला तक्ता आहे. एका बाजूला सिलिंडरचं तोंड, दुसऱ्या बाजूला पिस्टनची धाव, जिथे दोन रेषा मिळतात तिथे सीसी. कुणालाच गुणाकार करायला नको.

"हा तक्ता मी इथे येण्याच्या आधीपासून आहे. याच्यावर लाखभर गाड्या निघाल्या. एक तरी परत आली? तू कितवी शिकलास?"

मी सांगितलं.

"मग."

तोवर फोरमनना कळलंच होतं. कारखान्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू गेलं. "पट्टी ठोकायची तुझी नोकरी आहे, पट्टी वाचायची नाही! समज गेलं चारशेच्या वर, किती गेलं? पॉइंट एक! अरे, एवढ्या पेट्रोलने मुंगीचं तोंड ओलं होणार नाही!"

संध्याकाळी बाबांना सांगितलं. ते कुणाच्या तरी कोटाची बाही उसवत होते. म्हणाले, "कपाट दारातून सूतभराने जात नसेल, तर ते नाहीच जात. आता त्या सुताने कपाट मोठं होतं का? नाही. पण चौकट ऐकत नाही." मग दोऱ्याचं टोक दाताने तोडून म्हणाले, "आणि काय रे, तुझे साहेब शिवणीत काही सोडतच नाहीत? आम्ही दोन बोटं सोडतो. गिऱ्हाईक अंगाने सुटतं. कापड आटतं."

मी पुस्तकांच्या दुकानात जाऊन गणिताचं पुस्तकही पाहिलं. त्यात लिहिलं आहे, "२२/७ किंवा ३.१४ घ्यावे." किंवा! एका किंवापायी माझी झोप उडाली आहे. बावीस सप्तमांशाने गाडी रेषेपलीकडे, तीन पॉइंट एक चारने अलीकडे. खरं कुठेतरी मध्ये आहे, आणि रेषासुद्धा तिथेच मध्ये आहे.

ताई, खरं किती ते सांग. शाळेतल्या कुठल्याही मास्तरांना विचारता आलं असतं, हे मला कळतं. तुझ्याकडून हवं आहे. जहाज बारा फेब्रुवारीला सुटतं.

तुझा भाऊ

४ फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड आलं.

नमस्कार नाही, आशीर्वाद नाही, खाली सही नाही. एका बाजूला माझं नाव आणि पत्ता, दुसऱ्या बाजूला मधोमध :

३.१४१५९२६५...

बाबांनी कार्ड खिडकीशी नेलं. डोळ्यांपासून लांब धरलं, जवळ धरलं.

"काय लिहिलंय?"

"आकडा आहे."

"केवढा?"

"न संपणारा आहे, बाबा. पुढे टिंबं दिलीत."

"मग ठीक आहे," बाबा म्हणाले. "रागावलेली असती तर संपवला असता."

ते कार्ड आता शिलाईयंत्रावर टेकवून ठेवलं आहे आणि आलेल्या गिऱ्हाइकाला ते सांगतात, "मुलीचं पत्र आहे. फार शिकलेली आहे, आम्हाला काही कळत नाही."

मी गणित केलं. तुझे सगळे आकडे घेऊन, सावकाश, चार वेळा. ४००.०२. साहेब चूक होते, मीही चूक होतो, पण मी रेषेच्या योग्य बाजूला चूक होतो.

आता तुला एक सांगायचं आहे. उद्या काय होईल माहीत नाही, म्हणून आजच सांगतो. गेली चार वर्षं तू जे धरून बसली आहेस, ते खरं नाही.

दहावीच्या गणिताच्या पेपरला मी गेलो नाही, मित्रांबरोबर गाड्यांची शर्यत पाहायला गेलो, असं मी तुला सांगितलं होतं. तू म्हणालीस, तुझ्यासाठी मी दोन वर्षं माझं शिक्षण थांबवलं आणि तू शर्यत पाहत होतास. आणि बॅग भरलीस. ताई, मी पेपरला गेलो होतो. तिसऱ्या बाकावर बसलो होतो. पहिलं गणित सोडवलं. ते बरोबर आहे का म्हणून पुन्हा सोडवलं. उत्तर तेच आलं, पण पद्धत चुकली असेल असं वाटलं म्हणून दुसऱ्या पद्धतीने सोडवलं. मग वाटलं, प्रश्नच नीट वाचला नसेल. तीन तास, ताई. तीन तासांत एक गणित. बाकीचा पेपर मी उलटूनसुद्धा पाहिला नाही. वर्गावरच्या बाईंनी माझ्या हाताखालून उत्तरपत्रिका ओढून घेतली तेव्हा मी चौथ्यांदा बेरीज करत होतो.

हे तुला कोणत्या तोंडाने सांगणार होतो? उनाड भाऊ असणं बरं वाटलं. उनाडाला लोक रागावतात. एका गणितात अडकून बसणाऱ्याची कीव करतात.

आता एवढं लिहून झालं आहे, तर उद्या जे करायचं आहे ते सोपं वाटतं. उद्या मी पट्टी ठोकणार नाही.

तुझा भाऊ

७ फेब्रुवारी

ताई!

बस. बसून वाच. उभी असशील तर खुर्ची ओढ.

परवा सकाळी पहिलं इंजिन माझ्यापुढे आलं. मी नंबर उठवला. नंबर खरा होता, त्याला माझी हरकत नव्हती. पट्टी उचलली नाही. हातोडी फडक्यात गुंडाळून ठेवली. दुसरं इंजिन आलं, तिसरं आलं. सात इंजिनं तुंबली तेव्हा फोरमन आले.

"काय रे, हात मोडला का?"

"नाही. पट्टीवर चुकीचं लिहिलंय. मी ठोकणार नाही."

आवाज माझाच होता, पण मला तो शेजारच्या माणसाचा वाटला. फोरमननी तोंड उघडलं आणि, खोटं वाटेल तुला, पहिल्यांदाच काही आवाज आला नाही. मग माझी कॉलर धरून नाही, पण धरल्यासारखंच, ते मला मोठ्या साहेबांकडे घेऊन गेले. मोठे साहेब म्हणजे कारखान्याचे प्रमुख. मी त्यांना सात महिन्यांत दोनदा पाहिलं होतं, दोन्ही वेळा पाठमोरं.

खोलीत नकाशाघराचे साहेब आधीच होते. जहाजबाई कागदांवर सह्या घ्यायला आलेल्या होत्या.

"हा हंगामी आहे," फोरमन म्हणाले. "पट्टी ठोकत नाही म्हणतो. सात इंजिनं खोळंबलीत."

"कारण?" मोठे साहेब म्हणाले. मान वर केली नाही.

मी तुझं कार्ड त्यांच्या टेबलावर ठेवलं. बाबांना न विचारता आणलं होतं.

"हे काय?"

"माझ्या ताईचं पत्र आहे, साहेब."

आता त्यांनी मान वर केली. मी सगळं सांगितलं. अडखळत सांगितलं, पण सांगितलं. नकाशाघराचे साहेब म्हणाले, "सर, हा पॉइंट शून्य दोनवरून भांडतोय. मुंगीचं तोंड..."

"मुंगीचं राहू दे," जहाजबाई मध्येच म्हणाल्या. "त्या देशाचा नियम माझ्याकडे आहे. थांबा." त्या गेल्या आणि धावत परत आल्या, हातात जाडजूड पुस्तक. पान काढून मोठ्याने वाचायला लागल्या. मापं इंजिनाच्या नकाशावरची धरावीत. गुणक तीन पूर्णांक एक चार एक सहा धरावा. उत्तर चारशेपेक्षा कितीही अंशाने अधिक आल्यास वाहन वरच्या वर्गात मोजावं. "कितीही अंशाने," त्यांनी दोनदा वाचलं आणि फोरमनकडे पाहिलं. "तुमची मुंगी बुडाली."

मोठ्या साहेबांनी मला खडू दिला. भिंतीवर फळा होता. "मांड."

मी मांडलं. मागे चौघे उभे. नकाशाघराचे साहेब हिशेबाच्या यंत्रावर बोटं चालवत होते, मला तो टकटक आवाज येत होता, आणि त्यांचं केव्हाच झालं तरी मी अजून गुणाकारात होतो. मी घाई केली नाही, ताई. हातचे वर लिहिले, तू लिहायला लावायचीस तसे. शेवटची ओळ लिहून खाली रेघ मारली. ४००.०२. मागे वळलो तर नकाशाघराचे साहेब यंत्राकडे पाहत होते आणि त्यांची पेन्सिल कानावरून खाली पडली होती.

"किती?" मोठे साहेब त्यांना म्हणाले.

"तेच, सर." मग ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "तेच आहे रे." त्या वेळी ते मला फार चांगले माणूस वाटले.

मग फोरमन म्हणाले, "तो तक्ता केला तरी कुणी? कुठल्या दीडशहाण्याने?"

"मी," मोठे साहेब म्हणाले.

फोरमनचा चेहरा तू पाहायला हवा होतास. जमिनीत भोक असतं तर ते त्यात पट्टीसारखे चपखल बसले असते.

मोठे साहेब मात्र हसायला लागले. म्हणाले, नोकरीला लागलो त्या वर्षी केला, एका रविवारी. तेव्हा आपण पाऊणदोनशेची एकच गाडी करत होतो आणि ती गावातच विकत होतो. रेष कुठेतरी कोसभर लांब. तीन पॉइंट एक चार पुरेसं होतं. मग देश वाढले, रेषा वाढल्या, आपण रेषेला खेटत गेलो आणि तक्ता तोच राहिला. कुणी विचारलंच नाही.

"आता सहाशे इंजिनांचं काय?" नकाशाघराचे साहेब म्हणाले. "तीनशे तर तयार आहेत."

आणि इथे, ताई, जहाजबाईंनी कमाल केली. सरळ रस्त्यांच्या देशातले विक्रेते दोन महिने त्यांच्या मागे लागले होते, की नव्या गाडीच्या पट्टीवर तीनशे नव्व्याण्णव नको. आमच्याकडे तशी रेषच नाही, लोक विचारतात चारशेला एक कमी का, कंजूषपणा का? पूर्ण चारशे द्या, हवी तेवढी घेतो. आणि बाईंनी त्यांना तीनदा कळवलं होतं, की माफ करा, तक्त्याप्रमाणे ते तीनशे नव्व्याण्णवच भरतं.

"अहो, पण ते चारशे आहे!" बाई टेबलावर हात आपटून म्हणाल्या. "पहिल्यापासून चारशेच आहे!"

झालं. तयार तीनशे सरळ रस्त्यांच्या देशाला. चारशेच्या रेषेवाल्या देशासाठी जुना क्रँक, तो गोदामात पडूनच आहे. जहाज आठ दिवस उशिरा निघेल, बाई कळवतील. एक इंजिन फुकट गेलं नाही. जे इंजिन एका देशात गुन्हा होतं, ते दुसऱ्या देशात, काही न बदलता, हवंहवंसं झालं. बदलली फक्त पट्टी.

बाहेर आल्यावर फोरमन बराच वेळ माझ्या शेजारून चालत होते. मग म्हणाले, "मला आधीच नीट का नाही सांगितलंस?"

मी म्हटलं, "सांगितलं होतं. तुमचा आवाज जास्त होता."

ते थांबले. मला वाटलं, गेली नोकरी. त्यांनी माझ्या पाठीत असा धपका घातला की अजून दुखतंय, आणि मग भोंगा वाजला, अख्ख्या कारखान्यात : "पट्टीला चहा द्या रे! साखर घालून द्या!"

घरी आलो तेव्हा बाबा दारातच होते. कार्ड कुठे गेलं म्हणून. मी कार्ड दिलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, कार्ड पुन्हा यंत्रावर टेकवलं आणि म्हणाले, "कामाला गेलं होतं होय."

तुझा भाऊ

२ मार्च

ताई,

तुझं पत्र पोचलं. चार पानं. त्यातली साडेतीन पानं तू मला रागावली आहेस आणि ती मी बाबांना वाचून दाखवली, कारण त्यांना आवाजी राग ऐकायची फार दिवसांची भूक होती. "हं, पुढे," म्हणत होते. शेवटचं अर्धं पान मी वाचून दाखवलं नाही. ते माझं आहे.

तू विचारलंस, तीनशे पट्ट्या काढायला किती दिवस लागले. साडेपाच. पट्टी धरून ठेवणारी रिव्हेट छिलून काढायची, खालचा रंग घासायचा, नवी पट्टी बसवायची, ठोकायची. दुसरा माणूस देतो म्हणाले, मी नको म्हटलं. खोट्या मी ठोकल्या होत्या. शेवटच्या दिवशी सगळी एका रांगेत उभी होती, प्रत्येकाच्या पोटावर ४००, आणि खिडकीतून ऊन आलं तेव्हा रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चमक धावली. फोरमन शेजारी उभे होते. हळू आवाजात म्हणाले, "शोभतंय." त्यांना हळू आवाज आहे हे कुणाला माहीत नव्हतं.

कालपासून मी कायम झालो, मुदतीच्या महिनाभर आधीच. पत्र हातात आहे, दोनदा वाचलं, शुद्धलेखनाची एक चूक आहे पण आकडे बरोबर आहेत.

आणि ही दुसरी बातमी. मोठ्या साहेबांनी काचेतला जुना तक्ता उतरवला. म्हणाले, नवा तू कर. मी म्हटलं, साहेब, मी दहावीसुद्धा नाही. ते म्हणाले, मी इंजिनिअर होतो, तरी काय झालं ते पाहिलंस ना. मग मला नकाशाघरात एक टेबल दिलं, खिडकीजवळचं, आणि कानावर पेन्सिल ठेवणाऱ्या साहेबांनी स्वतःची एक पेन्सिल दिली. दहा दिवस बसलो. बेचाळीस ओळी आहेत. दर ओळीत तोंड, धाव, खरा आकडा, आणि शेवटी एक नवा रकाना मी स्वतः वाढवला : त्या गाडीच्या देशाची रेष, आणि रेषेपासून आपण किती आत आहोत. जिथे अर्ध्या सीसीपेक्षा कमी अंतर राहतं, तिथे लाल खूण. बाबा म्हणाले तेवढी दोन बोटं काही मिळाली नाहीत, पण शिवणीत काहीतरी सोडलं.

काल तो भिंतीवर लागला. जहाजबाईंनी येऊन पाहिला, खिळा तिरका आहे म्हणाल्या, आणि तो सरळ करेपर्यंत हलल्या नाहीत.

त्याची एक नक्कल सोबत पाठवतो आहे. तुझ्या सवयीने तू लाल पेन घेऊन बसशील आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात करशील. नको करू. प्रत्येक ओळ मी दोनदा केली आहे, तिसऱ्यांदा करायला हात शिवशिवले आणि मी ते खिशात घातले.

हा तपासायला पाठवत नाही, ताई. बघायला पाठवतो.

बरोबर आहे.

तुझा भाऊ